चांदणीच्या खुरांचं तेज

मंगळवारी सकाळी आठलाच कडूबाच्या शेतातल्या घरापुढच्या कडुनिंबाखाली पाय ठेवायला जागा उरत नसे. धामणगाव बढ्याहून ऑटो भरून यायचे, मोताळ्याहून, मलकापूरहून जीपा यायच्या. उतरणाऱ्यांत म्हातारे जास्त. कुणी पाय ओढत चालणारा, कुणाच्या डोळ्यांवर जाड भिंग, कुणाच्या बोटाला चिंधी बांधलेली. दुखणं बहुतेकांचं एकच, शुगर. आणि प्रत्येकाच्या हातात ऐपतीप्रमाणे गूळ.

झाडाखाली पांढरी घोडी. चांदणी तिचं नाव. पुढचे दोन्ही पाय लांब पुढं टाकून, सगळं अंग मागच्या पायांवर रेलून, मान खाली घालून ती उभी असे. साष्टांग नमस्काराला वाकलेलं माणूस मध्येच थांबावं, तशी. अधूनमधून ती एक पाय उचलायची, मग दुसरा. बाया हात जोडायच्या.

"चेक, चेक," माइकवरून आवाज यायचा.

माइक गोविंदाच्या हातात असे. दोन-तीन महिन्यांपूर्वीपर्यंत हा गोविंदा लग्नात बँड वाजवायचा. आता तो गोविंदनाथ महाराज होता. लुंगी भगवी झाली होती, पण माइक जुनाच होता आणि बोलण्याआधी चेक म्हणायची सवयही जुनीच.

"पाहा बाप्पा, पाहा! मुकं जनावर वाकून राह्यलं, अन् तुमी बोलती मानसं ताठ! हे घोडी नाही. हे अश्वमाय हाय. लावा, खुराले हात लावा. काय लागलं?"

"गरम लागलं महाराज!"

"गरम तं तवाबी लागते, येडे हो! हे तेज हाय. काय हाय?"

"तेज!"

"आता आइका. तुमची शुगर जाते कुठी? हवेत जाते का? नाही. हिच्यात जाते. म्हून हिचे पाय दुखतात. दुखणं तुमचं, भोगते माय. तुमी गूळ वाहा, मायनं चाटला का उष्टा खा. सात मंगळवार. गोळी बंद, सुई बंद. गोळी घेतली का माय रुसली."

पुढं बसलेल्या पुष्पाबाईनं भीत भीत विचारलं, "अन् सात मंगळवारांनी नाही उतरली तं, महाराज?"

"तं तुमी चोरून गोळी खाल्ली, मावशी. माय खोटी नसते, मानूस खोटं असते."

लोक हसले. पुष्पाबाईही ओशाळून हसली आणि तिनं घोडीच्या तोंडाशी गुळाचा खडा धरला.

उष्ट्या गुळाचा पहिला घास आशाबाईचा. ती कडूबाची बायको. चांदणीच्या मानेशी चटई टाकून ती हिरव्या लुगड्यात बसलेली असे. आलेल्या बाया आधी घोडीच्या पाया पडत आणि मग तिच्या. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावानं आजवर तिला बारशाला बोलावलं नव्हतं की ओटीला पुढं केलं नव्हतं. त्याच गावच्या सुना आता तिच्या पायांवर डोकं ठेवत होत्या.

कडूबा मागं उभा. हातात घोडीची दोरी, नजर जमिनीवर. त्या सगळ्या गर्दीत घोडीला काय झालंय हे दोघांनाच माहीत होतं. एक गोविंदा, दुसरा कडूबा.

झालं होतं ते असं. चांदणी वरातीची घोडी. नवरदेव बसायच्या आधी त्याच्या बहिणींनी घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ चारायचा, ही आपल्याकडची रीत. एक बहीण असली तर एक ओंजळ, आणि चुलत-मावस धरून बारा असल्या तर बारा. कुणी मागं राहायला तयार नसतं, कारण फोटो निघत असतात. त्या वैशाखात चांदणीनं दिवसाला दोन-दोन वराती केल्या. माणसं जेवून घरी गेली. घोडी डाळ-गूळ खात राहिली. तिच्या मानेवर चरबीचा कडक पट्टा चढला. कडूबाला वाटलं, खाल्लेलं घोडीच्या अंगी लागलं.

मग एका वरातीत मारुतीच्या देवळासमोर ती थांबली. पुढचे पाय पसरले, मागं रेलली, आणि हलेना. कडूबानं दोरी ओढली, चुचकारलं, शेवटी कमची मारली. घोडी थरथरली, पण पाऊल टाकीना. मुहूर्त टळत होता. नवरदेवाचा बाप तोंडाला येईल ते बोलायला लागला.

तेव्हा बँडवाल्या गोविंदानं वाजप थांबवलं आणि माइक तोंडाशी धरला. "चेक, चेक. मंडळी, घोडी अडली नाही! घोडी मारुतीरायाले नमस्कार करून राह्यली!"

नवरदेवाच्या बापाचं तोंड मिटलं. नवरदेव खाली उतरून घोडीच्याच पाया पडला. शंभर मोबाइल वर झाले. दुसऱ्या दिवशी ते चित्र तालुकाभर फिरलं, आणि तिसऱ्या दिवशी कडूबाच्या दारात पहिली गुळाची ढेप आली.

त्याच दिवशी दुपारी जनावरांच्या डॉक्टर मंजुश्री मॅडम आल्या होत्या. कडूबानंच बोलावलं होतं. मॅडमनी पर्स भिंतीला टेकवली, मातीत बसल्या, आणि खुराला हात लावला. मग घोट्यामागं दोन बोटं ठेवून ठोके मोजले.

"भाऊ, इथं बोट ठेवा. ठोके लागतात?"

"हाव. धडाधड लागतात."

"निरोगी घोड्याचे इथले ठोके शोधावे लागतात. हिच्या खुराच्या आत सूज आहे. खूर म्हणजे नख. नख आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारं एक नाजूक अस्तर असतं. गूळ-दाणा जास्त झाला की घोड्याचं रक्त बिघडतं आणि ते अस्तर सुजतं. नख तर फुगत नाही. मग सूज जाणार कुठं? दोन नंबर लहान बुटात ठणकणारा पाय कोंबल्यासारखं होतं. पुढच्या पायांवर भार सोसत नाही, म्हणून ती मागं रेलते. एकेक पाय उचलते तेही त्यासाठीच."

"म्हंजे नमस्कार..."

"कसला नमस्कार? कण्हते ती. हिला ओरडता येत नाही एवढंच."

मग त्यांनी पथ्य सांगितलं. गूळ बंद, हरभरा बंद, कुठलाही दाणा बंद, कोवळा हिरवा चारा बंद. फक्त वाळलं गवत, तेही तासभर पाण्यात बुडवून, पाणी फेकून द्यायचं. गवतातही साखर असते, ती पाण्यात उतरते. उभं राहायला मऊ वाळू. चालवायचं नाही.

"शुगरचा पेशंट समजा हिला."

कडूबा म्हणाला, "आमच्या मंडळीलेबी शुगर हाय. दोन वेळ सुई घेते."

मॅडम उठता उठता हसल्या. "मग सोपं आहे भाऊ. घरात दोघींचं एकच पथ्य ठेवा."

त्या संध्याकाळी कडूबानं हे सगळं गोविंदाला सांगितलं. गोविंदानं शांतपणे ऐकलं आणि विडी विझवली.

"इलाज केला तं काय होईन?"

"पंधरा-वीस दिवसांत सरळ उभी राहीन म्हणे."

"मग वाकन कोन? तू?"

"अरे पन जनावर मरन बे!"

"मरन तं समाधी बांधू. कडूबा, तुह्या दारात आजवर कोन आलं होतं? नवरदेवाच्या पुढं दोरी धरून चालनारा तू. आज सरपंच तुह्या ओसरीवर पानी पिऊन गेला. अन् वहिनीकडे पाह्य. तिले इतकी हसतानी पाह्यली होती का कधी?"

पाहिली नव्हती. गोविंदा खोटं बोलत होता, पण हे एक खरं बोलला होता. मन आवरायला कडूबानं स्वतःशी हिशेब मांडला, की घोडीच्या पायाचं काय ते आपण पाहू, बायकोला थोडे दिवस मान मिळू दे.

थोडे दिवस म्हणता म्हणता आषाढ उजाडला. आशाबाईनंही सात मंगळवार धरले; तिनं सुई बंद केली हे त्याला त्यातल्या तिसऱ्या मंगळवारी कळलं. दर रविवारी तिच्या बोटाला टोचून मशीनवर शुगर बघायची, हे काम वर्षानुवर्षं त्याचं. पुढच्या रविवारी तिनं बोट मागं घेतलं.

"आता कायले पाह्यता? उतरली."

"न पाह्यता कशी उतरली?"

"महाराज म्हनतात."

पाचव्या मंगळवारी चपलेनं तिचा अंगठा कापला. तिला कळलंही नाही. चटईवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. गोविंदानं चुलीतली राख लावली आणि माइकवर सांगितलं, "पाहा! मायचे पाय दुखले अन् आशामायचाबी पाय दुखला. एकच भोग, दोघींत वाटला!" बाया रडल्या. अंगठा आठ दिवसांत काळा पडला.

तेव्हा मात्र कडूबानं तोंड उघडलं. ती भाकरी थापत होती, तिथंच तो जमिनीवर बसला.

"आशे, माय-गिय काही नाही. घोडी आजारी हाय. गुळानं आजारी हाय. डॉक्टरीणबाईनं मले वैशाखातच सांगितलं. तू सुई घे. आज घे. मी टोचून देतो."

तिचे हात थांबले. "वैशाखात सांगितलं?"

"हाव."

"मग तवापासून दोरी धरून काऊन उभे राह्यता तुमी?"

कडूबा परातीतल्या पिठाकडे पाहू लागला. मग तिचं तिनंच उत्तर शोधलं आणि ती मान हलवत हसली.

"खोटं बोलून राह्यले तुमी. माह्या पायाले भेले, म्हून. मानूस एवढं पाप उघड्या डोळ्यांनी करन का? अन् तुमी तं नाहीच करनार. ते मुकं लेकरू माहं दुखणं अंगावर घेऊन उभं हाय. मी आता सुई घेतली तं तिचा सारा भोग वाया जाईन."

नवऱ्यावर इतका विश्वास, की त्याचा खरेपणाच तिला खोटा वाटला. कडूबानं सुई आणली, हात धरला, ओरडला, पाया पडला. ती म्हणाली, "मंगळवार होऊ द्या." पोळ्याच्या आदल्या मंगळवारी तिला चटईवरच भोवळ आली. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा होता, आणि श्वासाला कुजलेल्या फळासारखा वास येत होता. डॉक्टरनं एकच विचारलं, "सुई कधीपासून बंद?" कडूबानं दिवस मोजून सांगितले. त्याला ते बरोबर माहीत होते.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

गोविंदा सरणावर दोन लाकडं ठेवून वळला आणि लोकांना म्हणाला, "रडू नोका. आशामाय मेली नाही, चांदणीत गेली. तेराव्याले पाहजा. तिच्या फोटोपुढं अश्वमाय वाकन. साऱ्या जिल्ह्याले सांगा!"

पण गोविंदाकडून एक चूक झाली. चूक त्याची नव्हे, रीतीची म्हणा. घराला सुतक पडलं होतं. सुतकाच्या घरी नैवेद्य नाही, प्रसाद नाही, बाहेरच्यानं काही वाहायचं नाही. तेरावा होईपर्यंत कडुनिंबाखाली कुणी गुळाचा कणही आणला नाही. गोविंदाही आला नाही. सुतक मोडा असं माइकवर सांगायची त्याचीही छाती झाली नाही. सगळ्या तालुक्याचा देवधर्म ज्या घोडीला मारत होता, तिला त्याच देवधर्मानं तेरा दिवस सुट्टी दिली.

दहनाच्या दुसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर कडूबानं टाकीत गवत बुडवलं. तासाभरानं पाणी ओतलं तर ते चहासारखं लाल निघालं. ओढ्याची वाळू आणून झाडाखाली पसरली. मंजुश्री मॅडमना फोन केला. त्या आल्या, दुखणं कमी व्हायची औषधं दिली, वाढलेले खूर छाटले, तळाला जाड मऊ पट्ट्या बांधल्या. आशाबाईच्या फोटोकडे बघून त्या काही बोलल्या नाहीत. कडूबाला वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नाचणार नाही ही पुन्हा," जाताना म्हणाल्या. "वरातही बंद. पण जगेल."

सहाव्या दिवशी घोडीनं पुढचे पाय थोडे आत घेतले. दहाव्या दिवशी खूर हाताला गार लागले. बाराव्या दिवशी चांदणी सरळ चार पायांवर उभी होती.

तेराव्याला शेत भरून माणसं आली. कडुनिंबाला फुलांच्या माळा, खाली खुर्चीवर आशाबाईचा फोटो. दोन पोलीस मागं उभे होते. त्यांना मंजुश्री मॅडमनी तक्रार देऊन आणलं होतं. त्यातला एक जण दोन मंगळवार स्वतः खुराला हात लावून गेलेला, म्हणून तो मान वर करत नव्हता.

"चेक, चेक. मंडळी, हात जोडा! आता अश्वमाय आशामायले नमस्कार करन!"

चांदणीनं कान हलवले. शेपटीनं माशी उडवली. आणि सरळ उभी राहिली.

"माय, वाक! तुही आशा हाय हे!"

घोडी फोटोच्या माळेतलं झेंडूचं फूल हुंगायला लागली. मागं कुणीतरी फिदकन हसलं.

गोविंदानं माइक खाली घेतला, पण बंद करायचा राहिला. "काऊन वाकत नाही बे हे?" सगळ्या शेताला ऐकू गेलं. मग त्याचं त्याला सुचलं. "नैवेद्य! तेरा दिवसांची उपाशी हाय माय. गूळ आना!"

परातभर गूळ आला. कडूबा मध्ये उभा राहिला.

"तू खा."

"काय?"

"घोडीनं चाटलेला लागते नं? हे घे." त्यानं एक खडा चांदणीच्या ओठाला लावला आणि लगेच काढून घेतला. "उष्टा झाला. खा. इतके मंगळवार तुले खातानी कोनं पाह्यलं?"

"माहा उपास हाय."

"तुहा रोजच उपास असते बे, गोविंदा. लोकाईले खाऊ घालाच्या येळेस."

कडूबानं माइक काढून घेतला. आयुष्यात तो पहिल्यांदा माइकवर बोलत होता. "खुराले हात लावा," तो म्हणाला. "या, रोजच्यासारखे या. लावा."

पुष्पाबाई पुढं आली. तिनं वाकून खूर धरला. "गार हाय."

"आधी गरम होता, म्हून आजारी होती. आता गार हाय, म्हून बरी झाली. एवढंच. तुमच्या गुळानं तिचे खूर सुजत होते. पाय दुखे म्हून ते मागं रेले, अन् तुमी म्हना नमस्कार. तेरा दिवस गूळ नाही, तं नमस्कार नाही. मॅडमनं हे मले वैशाखात सांगितलं होतं. मले माहीत होतं." त्यानं फोटोकडे पाहिलं. "मले सारं माहीत होतं."

मग एक म्हातारा ओरडला, "सुतकानं बाटली माय! म्हून तेज गेलं!" चार-दोघांनी हो म्हटलं.

कडूबानं खिशातून आशाबाईचं शुगरचं मशीन काढलं. पट्ट्यांची डबी अर्धी भरलेली होती. तिनं बोट मागं घेतलं तेव्हापासून त्या तशाच होत्या.

"तेज गेलं न? मग शुगरबी गेली असन. कोनाची पाहू?"

पुष्पाबाईनंच बोट पुढं केलं. तिचे सात मंगळवार केव्हाच पुरे झाले होते. कडूबानं सराईतपणे टोचलं, थेंब पट्टीला लावला, आकडा आला तसा माइकवर वाचला. "चारशे सव्वीस."

मंजुश्री मॅडमनी पुढं होऊन सांगितलं, की हा आकडा दवाखान्यात भरती करायचा आहे, घरी न्यायचा नाही. त्या म्हणाल्या, "मी जनावरांची डॉक्टर. पण एवढं मलाही कळतं."

पाठोपाठ बोटं पुढं यायला लागली. तीनशे नव्वद. तीनशे बारा. चारशे सत्तर. पट्ट्या संपल्या तरी माणसं रांगेत उभीच होती. सुतकवाला म्हातारा रांगेत पाचवा होता.

मग लोक चिडले. वैशाखापासून ज्या हातांनी गूळ वाहिला, त्याच हातांनी परातीतले खडे उचलून त्यांनी गोविंदाला मारले. एक त्याच्या कपाळावर बसला. पोलिसांनी त्याला जीपमध्ये घातलं तेव्हा तो म्हणत होता, "म्या कोनाले बांधून आनलं होतं का? तुमीच आले नं!" गोविंदा बोलला होता त्यातलं हे दुसरं खरं.

पोलीस आरोपी म्हणून गोविंदाचं नाव लिहीत होता. कडूबा म्हणाला, "खाली माहंबी लिहा."

"तुमचं कशाला? तुमची तर बायको गेली."

"म्हूनच लिहा."

फेकलेला एक खडा वाळूत पडला होता. चांदणीनं मान लांब केली, जिभेनं तो ओढला आणि दातांत धरला. तिला गूळ आवडायचाच. तिला काय कळणार? कडूबा धावला. एका हातानं जबडा धरला, दुसरा हात दातांच्या मागं घातला, आणि चावे सोसत, बोटं रक्ताळत, तो खडा तिच्या तोंडातून बाहेर ओढून काढला.

खडा त्याच्या मुठीत होता. इतकं सोपं होतं ते. आशाबाईच्या तोंडातून त्यानं असा ओढून काढला नव्हता.

आता कडूबाच्या फाटकावर पत्र्याची पाटी आहे. अक्षर शाळेतल्या मुलीचं आहे, शब्द त्याचे आहेत: "घोडीला गूळ देऊ नये. आपली गोळी, सुई बंद करू नये. शंका आल्यास डॉक्टरला विचारावे." अजूनही एखादा मंगळवारी येतो, पाटी वाचतो आणि विचारतो, घोडीमाय पुन्हा केव्हा वाकणार? कडूबा त्याला हाकलत नाही. घोडीजवळ नेतो, खुराला हात लावायला सांगतो.

वाचणाऱ्यांनाही एवढंच सांगायचं. घोडीच्या खुराला हजारो हात लागले. ताप सगळ्या हातांना कळला होता. काय म्हणायचं ते मात्र दुसऱ्याला विचारलं, आणि त्यानं तेज म्हणायला सांगितलं. हाताला जे लागतं त्याला त्याच्याच नावानं हाक मारा. गरमाला गरम म्हणा, काळ्या पडलेल्या अंगठ्याला काळा म्हणा. आणि ज्याला खरं माहीत आहे त्यानं ते पहिल्याच दिवशी बोलावं. उशिरा बोललेलं खरं घरच्या माणसालाही खोटं वाटतं.